खोली कुणी बघितली?

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे. एकदा गाडीत बसले की पोरगी मांडीवर, डबा हातात, आणि सगळं राहून जाईल. मी दौंडच्या फलाटावर बसलेय. गाडी सव्वा तास लेट आहे. समोर सामानाचे सात नग, त्यातल्या एका पिशवीतनं कुकरचा दांडा बाहेर आलाय आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला धडकतोय. नवरा पाण्याच्या बाटल्या भरायला गेलाय. पोरगी तिच्या आजोबांबरोबर मालगाडीचे डबे बघत फिरतेय. आणि मी दोन्ही अंगठ्यांनी टाईप करतेय, चुका झाल्या तर चालवून घ्या.

तर. मी नर्स आहे. माहेर शिरूर, सासर भांडगाव. पाच वर्षं दौंडातल्या एका छोट्या दवाखान्यात काढली. सलाईन लावायचं मीच, ड्रेसिंग मीच, बाळंतीण आली तर डॉक्टर येईपर्यंत तिचा हात धरून बसायचं मीच, आणि लाईट गेली की जनरेटरला लाथ घालायची तीही मीच. काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण जरा अवघड केस आली की आमच्याकडं एकच उत्तर होतं, पुण्याला न्या. अ‍ॅम्ब्युलन्स हायवेला लागायची आणि मी हातमोजे काढत दारात उभी. त्या पेशंटचं तिथं काय करतात, कोण करतं, कसं करतं, हे मला कधीच बघायला मिळायचं नाही. दोन-चार दिवसांनी नातेवाईक दिसला की विचारायचं, बरं आहे का? कधी बरं असायचं, कधी नसायचं. मला ते करणारी व्हायचं होतं. एवढंच.

कॉलेजातली एक मैत्रीण हैदराबादला असते. तिनं कळवलं की तिच्या हॉस्पिटलात आयसीयूला नर्स घेतायत, आधी तीन महिने नीट शिकवतात, मग पेशंट देतात. मी मोबाईलवर इंटरव्ह्यू दिला. वर ड्रेसकोडातली ओढणी, खाली घरातला पायजमा. निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

गावात ज्याला सांगावं तो एकच विचारायचा, "का गं, पुणं काय मेलं व्हतं का?"

नवऱ्याची मात्र हरकत नव्हती. तो कुरकुंभला औषधाच्या कंपनीत ऑपरेटर आहे, तीन शिफ्टा. हैदराबादला तसल्या कंपन्या रग्गड आहेत. तो म्हणाला, "दोन महिन्यात मी बी लागतो तिकडं. तू व्हय म्हण, बाकीचं बघू."

बाकीचं म्हंजे आमची पोरगी. साडेतीन वर्षांची.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुला जायचं तर जा बाई, शिकलेली हाईस. पर पोरगी हितंच राहील. तुझ्या रातपाळ्या, ह्याच्या रातपाळ्या, तिला काय कुलूप लावून ठिवणार हाईस का? तिथं ना कुणी वळखीचं ना पाळखीचं. आन् आम्ही काय मेलोय?"

मला वाटलं, निदान माझी आई तरी माझ्या बाजूनं बोलेल. शिरूरला फोन लावला. आई म्हणाली, "त्यांचं काय चुकतंय? वर्षभर राहू दे पोरीला. तू सुट्टीला येत जा."

सुट्टीला येत जा! आईच म्हणाली हो, माझी आई!

आठ दिवस हेच. भाकरी करताना हेच, ड्युटीवरनं आले की हेच, शेजारची चुलत जाऊ मीठ मागायला आली की तिचंही हेच. खोटं सांगत नाही, आत्या बोलत होत्या ते खरंच होतं. रात्रपाळीत पोरीजवळ कोण? मैत्रिणीला विचारलं तर ती बिनलग्नाची, तिला पाळणाघरातलं काय माहिती. शेवटी नवव्या दिवशी मी म्हटलं, ठीकाय. राहू दे तिला इथं. मी एकटीच जाते, बस्तान बसलं की मग बघू आपण.

झालं. सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला. आत्यांनी त्या संध्याकाळी मला आवडतात म्हणून हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्या केल्या, वर कच्चं तेल घालून. पोरगी माझ्या ताटातल्या शेंगोळ्या एकेक करून उचलत होती आणि त्यांची वेटोळी सोडवत बसली होती.

आणि तेव्हा मामा बोलले. मामा म्हंजे माझे सासरे. तोवर नऊ दिवस त्या माणसानं एक शब्द काढला नव्हता.

"तिथं पाणी कुठनं येतं?"

नवरा हसला. "आप्पा, हैद्राबाद हाय ते. नळाला येतं."

"कवा येतं?"

ते आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

"खोली कुणी बघितली?" मामांनी मला विचारलं.

"मी बघितली ना मामा. एजंटनं व्हिडिओ कॉलवर दाखवली. नवा रंग दिलाय, फरशी चकचकीत आहे. हॉस्पिटल पण जवळ आहे."

"व्हिडिओवर व्हय," मामा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर घोंगडी, हातात कापडी पिशवी. "शिरूरला व्याह्याकडं जाऊन येतो. त्यास्नी बी सांगून येतो समदं." आम्हाला बरंच वाटलं. शिरूरला गेले की मामा माझ्या वडिलांबरोबर दोन दिवस रमतात, बैलबाजाराच्या गप्पा संपत नाहीत त्यांच्या. आत्यांनी भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मामा म्हणाले, "दोन जास्त घाल." शिरूर असं कितीसं लांब? पण आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आईला फोन केला, सहज, मामा जेवले का विचारायला. आई म्हणाली, "कोण मामा? हितं कुठं आल्यात?"

मी फोन तसाच ठेवून नवऱ्याला हाक मारली.

मामांकडं बटणांचा फोन आहे पण तो बंद करून ठेवायची त्यांना सवय, बॅटरी वाचावी म्हणून. नवरा मोटारसायकल काढून केडगाव, यवत, चौफुला फिरून आला. दौंडच्या सरकारी दवाखान्यात मी स्वतः फोन करून विचारलं, असा असा म्हातारा माणूस आणलाय का, डोक्याला लाल फेटा. एरवी हा फोन लोक आम्हाला करतात, आणि आम्ही शांतपणे म्हणतो, थांबा, बघून सांगते.

आणि आत्या! आत्या ओसरीवर बसून मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होत्या. "सोन्यासारखं घर. मोडलं. एकीच्या नोकरीपायी म्हातारा घर सोडून गेला. बोलला न्हाई कवा, पर मनाला लावून घितलं त्यानं."

मलाही तेच वाटत होतं. आत गेले, फोन काढला आणि हॉस्पिटलच्या मॅडमना मेसेज लिहिला. घरच्या अडचणीमुळं मी जॉईन होऊ शकत नाही, माफ करा. इंग्रजीत लिहिला, दोनदा वाचला. नवरा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आप्पा सापडू दे आधी. मग पाठव काय पाठवायचं ते." म्हणून तो मेसेज तसाच राहिला.

ह्या सगळ्यात पोरगी एकटीच मजेत होती. ती सारखी एकच सांगत होती, "आबा माझी शाळा बघायला गेलेत." आजोबांना ती आबा म्हणते. आम्हाला वाटलं, अंगणवाडीचं काहीतरी बोलतेय. आत्यांनी तिला गप्प बसवलं. साडेतीन वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं?

चौथ्या दिवशी भर दुपारी मामा हायवेकडनं चालत आले. तीच घोंगडी, तीच पिशवी, फेटा जरा मळलेला. मी पळत अंगणात गेले. त्यांची नाडी बघितली हो मी, सवयीनं! मनगट धरून उभी राहिले. मामा म्हणाले, "सोड गं, जित्ता हाय मी."

आत्या उंबऱ्यातनंच ओरडल्या, "कुठं उलथला व्हता चार दिस?"

"पाणी दे आधी."

तांब्याभर पाणी प्याले. खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "हैद्राबादला गेलतो."

नवरा म्हणाला, "कोण?"

"मी. आनखी कोण? तू तर हितं बसलाईस." मग माझ्याकडं वळून, "ती खोली न्हाई घ्यायची."

कॅलेंडरच्या मागं मी खोलीचा आणि हॉस्पिटलचा पत्ता लिहिलेला कागद खोचला होता. तो मामांनी नेला होता आणि आम्हाला पत्ताच नाही! दौंडातनं जनरल डब्यात बसले, सकाळी उतरले, आणि तो कागद दिसेल त्याच्यापुढं धरत थेट त्या खोलीपाशी. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही त्यांना.

"रंग नवाच हाय, तुझं बरुबर हाय," मामा म्हणाले. "पर हितवर," त्यांनी बसल्या बसल्या छातीला हात लावला, "भिताडाला ओलीची रेघ हाय. रंगाखालनं बी दिसती. आन् कुंपणाच्या जाळीत तेवढ्याच उंचीला गवत आन् प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्यात. ते गवत काय कुणी हातानं खोचलं का? पाणी चढलं व्हतं तिथं. ओढ्याच्या पोटात खोली बांधलीया त्या गड्यानी."

आता हे तुम्हाला कळायला एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमचे लोक धनगर. आता शेती आहे, ऊस आहे, पण मामा पंचविशीचे होईपर्यंत त्यांच्या घरचे दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं चालत निघायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. बायका, लेकरं, कोंबड्या, भांडी, सगळं बिऱ्हाड घोड्यावर. रोज नाहीतर एक दिवसाआड नवा मुक्काम. आणि त्याचा एक नियम होता. बिऱ्हाड हलवायच्या आधी एक माणूस रिकामा पुढं जायचा. पाणी कुठं आहे, जागा उंचावर आहे का, शेतवाला माणूस कसा आहे, कुत्री किती आहेत, हे सगळं डोळ्यानं बघून परत यायचा. तो येईपर्यंत कुणी पाल, म्हंजे कापडी तंबू, उपटायचं नाही. हे काम त्यांच्यात मामांकडं असायचं. मी लग्न होऊन आल्यापासनं हे दहा वेळा ऐकलं होतं, झोपाळलेल्या कानांनी. त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं कधी वाटलंच नाही.

"मग राहिला कुठं तुम्ही?" आत्यांनी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"एक मेंढरंवाला भेटला. त्याची भाषा मला कळंना, माझी त्याला. मंग मी त्याच्या मेंढीचं तोंड उघाडलं, दात बघितलं, आन् दोन बोटं दाखावली. दोन वर्साची हाय म्हणून. त्यो असा हसला! च्या पाजला. त्याच्याच दारात घोंगडी टाकली."

"आन् दुसरी खोली कशी बघायची आता?" नवरा म्हणाला. "जॉईनिंगला बारा दिवस राहिल्यात."

"बघितली की."

ऐका आता, मामांनी काय केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॉस्पिटलच्या गेटसमोर रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसले. रात्रपाळी सुटली. नर्सेस बाहेर पडायला लागल्या. मामा नुसते बघत बसले, त्या कुठल्या कुठल्या बाजूला वळतात. "जनावरं पाणी पिऊन कुठनं येत्यात ते बघितलं की पाणवठा घावतो," ते म्हणाले. बहुतेक जणी चढाच्या एका गल्लीत वळल्या. मामा उठले आणि त्या गल्लीत गेले. गल्लीच्या तोंडाला एक वॉचमन होता, गुलबर्ग्याकडचा, त्याला तोडकंमोडकं मराठी येत होतं. मामांनी कुरकुंभच्या बिहारी पोरांकडनं उचललेली सगळी हिंदी त्याच्यावर खर्च केली, "हमारा सूनबाई इधर नर्स होनेवाला हाय. खोली मंगता. उंचावर मंगता."

वॉचमननं दोन खोल्या दाखवल्या. दुसरी पहिल्या मजल्यावर. पाणी सकाळी सहाला दीड तास, वर टाकी. चालत हॉस्पिटल बारा मिनिटं, माझ्या पावलांनी पंधरा, असंही मामांनी सांगितलं. "गच्चीवर दोन शेळ्या बांधू का इचारलं. मालक न्हाई म्हणला. तेवढं एक वंगाळ हाय त्या जागंचं."

पण खरी गोष्ट पुढंच आहे. त्या घराच्या तळमजल्यावर एक बाई नर्सेसची लेकरं सांभाळते. दिवसा आणि रात्रपाळीलाही.

मामा म्हणाले, "मी पायरीवर बसून ऱ्हायलो. दोन तास. च्या इचारला, नगं म्हणलं. पाच पोरं हुती. एक रडलं, तर बाई हातातलं काम टाकून उठली, वराडली न्हाई. पोरांची नाकं साफ हुती. नखं कापलेली. एक बारकं झोपलं तर बाकीच्यांनी आपापला आवाज कमी केला, बाईनं सांगायच्या आदी. कळपाकडं बघितलं की राखणारा कसा हाय ते कळतं." मग सरळ माझ्याकडं बघून, "आपली म्हातारी तिथं ऱ्हाईल." पोरीला ते म्हातारी म्हणतात.

मी विचारलं ते भलतंच, "मामा, सांगून का नाही गेलात? आमचा जीव जायची वेळ आली होती."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत? तू म्हणली असतीस कशाला तरास मामा. ही म्हणली असती म्हातारपणी काय सोंग हाय. म्हातारीला सांगितलं हुतं की." पोरगी त्यांच्या मांडीत बसून आम्हाला सांगायला लागली, मी म्हणत होते ना, मी म्हणत होते ना. मग मामा मला बोलले, पहिल्यांदाच बोलले ते मला असं. "आमच्यात जागा बघितल्याबिगर मेंढरू हलवत न्हाईत. आन् तू तर न बघता निघालीस ती निघालीस, वर लेकरू मागं टाकून निघालीस. ह्यांनी म्हणलं म्हणून. तुला ठेवायची व्हती का तिला?"

"नव्हती," मी म्हटलं.

"मंग बोलायचं."

खरंच, मी आठ दिवसांत हे एकदाही म्हटलं नव्हतं. मी रात्रपाळीबद्दल बोलले, भाड्याबद्दल बोलले, सुट्ट्यांबद्दल बोलले. मला माझी पोरगी माझ्याजवळ पाहिजे, एवढं साधं वाक्य मी बोललेच नव्हते. पेशंटच्या बायकोला मी रोज सांगते, काय दुखतंय ते डॉक्टरांना नीट सांगा, गप्प राहू नका!

सगळे आत्यांकडं बघायला लागले. आत्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटलं, आता परत सुरू होणार. तर आत्या म्हणाल्या, "त्या बाईला आपली भाषा येती का?"

"न्हाई."

"मंग पोरगी तिला भूक लागलीया ते कसं सांगणार?" आणि मग एकदम, जणू कुणीतरी त्यांच्याशी भांडतच होतं, "पयले दोन महिने मी जाती संगं! पोरगी रुळली की येती माघारी. बघतीच मी त्या बाईला. तुमचं काय, तुम्ही नाकं बघून आलासा!"

"आन् मला भाकरी?" मामा म्हणाले.

"मेंढरामागं व्हता तवा कोण घालत व्हतं करून?"

नवरा इतका हसला की ठसका लागला. मी आत जाऊन तो मेसेज पुसून टाकला. संध्याकाळी मैत्रिणीला पाठवलं खोली बघायला. तिनं फोन केला आणि म्हणाली, "अगं, एवढी चांगली जागा तुला कुणी शोधून दिली? आणि आधीची खोली नको म्हणून सांगितलं तर तो एजंट मला म्हणतोय की तिथं पाणी फक्त एकदाच शिरलं होतं!"

मग काय, दहा दिवस धावपळ. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चहा दिला आणि जनरेटर आता कोण चालू करणार म्हणाले. सामान मामांनी बांधलं. मी काढलेल्यातलं निम्मं परत कपाटात ठेवायला लावलं. नवरा सध्या चार दिवसांच्या रजेवर सोडायला येतोय, त्याचा इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे, हात जोडा सगळ्यांनी.

सगळं सोपं होणार आहे असं नाही हं. मला तेलुगू येत नाही. आयसीयूतल्या त्या मशीन मी फक्त फोटोत बघितल्यात. पहिल्या रात्रपाळीला पोरगी रडणार, मी पण रडणार, आत्या दोघींना शिव्या घालणार. पण भीती आहे ती कामाची आहे. आधीची भीती वेगळी होती, ती आता नाही.

अनाउन्समेंट झाली! आमचीच गाडी! आत्या नग मोजतायत. मामा पोरीला खांद्यावर घेऊन येतायत, आणि ती त्यांना विचारतेय, "आबा, तू कवा येणार?"

"बाजरी निघाली की."

"बाजरी कवा निघणार?"

"तू तेलगूत दहापर्यंत म्हणायला शिकलीस की."

ती लगेच मला विचारतेय, आई, तेलगूत एक म्हंजे काय. मला कुठं माहिती! गाडीत कुणालातरी विचारावं लागेल. इंजिन दिसलं. ठेवते फोन.

पण तुम्ही सांगा हं, खाली लिहा. तुम्ही घर सोडून लांब निघाला होता तेव्हा तुमच्या घरात असं कुणी होतं का, ज्यानं नऊ दिवस एक शब्द काढला नाही आणि नेमकं तुमच्या मनातलं काम करून आलं? आणि जे बोलायला पाहिजे होतं ते न बोलता तुम्ही पण कधी 'ठीकाय' म्हणून बसला होता का? का हे फक्त माझ्याच बाबतीत झालं?